टोलनाका चुकवून गेलेला हप्ता

मंडळी, आज हिशोबापासून सुरुवात करू. एका पतसंस्थेतल्या सभासद बाई. कर्जाचा २,४०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या रात्री त्यांच्या बचत खात्यातून आपोआप वजा व्हायचा आणि कर्जखात्यात जमा व्हायचा. एका महिन्यात वजा झाला, पण जमा झालाच नाही. पुढे घरी थकबाकीची नोटीस आली. बाई पासबुक घेऊन काउंटरवर गेल्या. पासबुकात २,४०० रुपये गेलेले स्पष्ट दिसत होते. कर्जाच्या उताऱ्यात मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

मी तेव्हा इंदूरच्या ज्या कंपनीत होतो, तिथलंच हे सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. हा दोष जगभरच्या ऑफिसांत रोज कुठे ना कुठे निघतो. आपल्या मंडळातली जी मुलं नुकती नोकरीला लागली आहेत, त्यांच्या वाट्याला तो येणारच. तो येतो तेव्हा काय बघायचं, एवढंच आज सांगायचं आहे. ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. पासबुक सगळ्यांकडेच असतं.

तक्रार आली त्याच्या काही महिने आधी टीममध्ये एक मुलगी नवीन आली होती. देवासची, पहिलीच नोकरी. रात्री सगळ्या सभासदांचे हप्ते एका फेरीत वळते करण्याची मेथड तिने लिहिली होती. मीटिंगमध्ये बोट तिच्याकडेच गेलं. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "सर, अ‍ॅनोटेशन लावलंय. बघा ना, लावलंय." खरंच लावलेलं होतं.

आता हे अ‍ॅनोटेशन म्हणजे काय? जावात मेथडच्या डोक्यावर एक लेबल चिकटवता येतं. या मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ असं लेबल होतं. त्याचा अर्थ असा, की आत जे घडेल ते एक तर पूर्ण घडेल किंवा काहीच घडणार नाही. वजा झालं आणि जमा करताना अडलं, तर वजा झालेलंही परत फिरेल. पैशाच्या कामात हा नियम नसेल तर दुकान बंदच करावं. पण लेबल स्वतः काही करत नाही. ते वाचून काम करणारा कुणीतरी वाटेत उभा असावा लागतो. त्याला म्हणतात इंटरसेप्टर.

बेटम्याजवळ इंदूर-अहमदाबाद हमरस्त्यावर मेठवाड्याचा टोलनाका आहे. तो डोळ्यांसमोर आणा. गाडी नाक्यावरून गेली, की फास्टॅग वाचला जातो, पैसे कापले जातात, नोंद होते. गाडीवाल्याला वेगळं काही करावं लागत नाही. त्याने फक्त त्या रस्त्याने जायचं. इंटरसेप्टरचं काम असंच चालतं. मेथडला हाक मारली, की ती हाक वाटेत अडवायची, ट्रान्झॅक्शन उघडायचं, मग हाक पुढे सोडायची. परत येताना सगळं ठीक असेल तर पक्कं करायचं, नसेल तर उलटवायचं. नोंदी ठेवणं, वेळ मोजणं, ‘या माणसाला परवानगी आहे का’ हे तपासणं, सगळं याच पद्धतीने करता येतं. प्रत्येक मेथडमध्ये तीच दहा-दहा ओळींची भर घालावी लागत नाही. कोडाच्या आडवं पसरणारं हे काम वेगळं काढून एका जागी ठेवण्याच्या कल्पनेला ‘अ‍ॅस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग’ हे नाव मिळालं ते झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात. ग्रेगर किक्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ साली निघालेला शोधनिबंध अजूनही वाचनीय आहे.

पण हा नाका कोडच्या रस्त्यावर उभा कुणी करायचा? इथे डिपेंडन्सी इंजेक्शन येतं. नाव अवजड आहे, गोष्ट साधी आहे. एखाद्या क्लासला कामासाठी दुसरा क्लास लागतो, तर त्याने तो स्वतः तयार करायचा नाही. ‘मला हे हे लागतं’ एवढंच सांगायचं. बनवून, जोडून हातात देणं हे फ्रेमवर्कचं काम. मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंगची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिची मुळं रॉड जॉन्सन यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकासाठी लिहिलेल्या कोडमध्ये होती. गूगलमध्ये बॉब ली यांनी केलेलं फ्रेमवर्क २००७ मध्ये बाहेर आलं. त्याचं स्पेलिंग वाचून ‘गुईस’ म्हणू नका, उच्चार ‘जूस’ आहे. इंटरव्ह्यूमध्ये एवढ्यानेही छाप पडते.

ऑब्जेक्ट बनवून देण्याचं काम फ्रेमवर्ककडे आलं, की त्याला एक चलाखी करता येते. तुम्ही ‘हप्तासेवा’ मागितली, तर ते खरी हप्तासेवा तुमच्या हातात देतच नाही. तिचा तोतया देतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता हे आपण शाळेत वाचलंय. इथेही तोच प्रकार, फक्त हेतू चांगला. चेहरा तोच, मेथडची नावं तीच, पण आत नाका बसवलेला. तुम्ही तोतयाला हाक मारता, तो नाक्याचं काम उरकतो आणि हाक मागच्या खऱ्या ऑब्जेक्टकडे पोचवतो. या तोतयाला प्रॉक्सी म्हणतात. तो दोन प्रकारे बनतो. क्लासला इंटरफेस असेल तर जावाच्या स्वतःच्या सोयीने, जी २००० साली आलेल्या १.३ आवृत्तीपासून आहे. नाहीतर मूळ क्लासचा उपक्लास चालत्या प्रोग्राममध्येच तयार करून. स्प्रिंग बूटच्या २.० आवृत्तीपासून हा दुसरा प्रकारच ठरलेला असतो.

आता आपल्या मुलीचं कोड. ‘हप्तासेवा’ या एकाच क्लासमध्ये दोन मेथड होत्या. पहिली ‘एकहप्ता’. ती एका सभासदाच्या बचतीतून वजा करून कर्जात जमा करते. ती जुनी होती, तिच्यावर लेबल होतं, आणि काउंटरवरून हप्ता भरताना ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होती. दुसरी नवीन, ‘सर्वहप्ते’. ती यादीतला एकेक सभासद घेऊन ‘एकहप्ता’ला हाक मारते. एखाद्याचा अडला तर नोंद करून पुढच्याकडे जाते. कुठल्याही रिव्ह्यूमध्ये सहज पास होईल असं कोड. झालंही होतं.

बेटम्याचा माणूस बेटम्याच्याच बाजारात गेला, तर टोल लागतो का? नाही लागत. तो नाक्यावरून गेलेलाच नसतो.

‘सर्वहप्ते’ खऱ्या ऑब्जेक्टच्या आत चालू होती. तिथून तिने शेजारच्या ‘एकहप्ता’ला हाक मारली, म्हणजे घरातल्या घरात. तोतया बाहेर दारात उभाच राहिला. त्याला कळलंसुद्धा नाही. ट्रान्झॅक्शन उघडलंच गेलं नाही. त्यामुळे बचतीतली वजावट तिथल्या तिथे पक्की झाली, कारण डेटाबेसमध्ये लिहिणारा थर प्रत्येक लिखाण आपापलं पक्कं करतो. मग कर्जखातं उघडायला गेलं, तर ते ‘बंद’ निघालं. कर्जाचं नूतनीकरण होऊन क्रमांक बदलला होता आणि यादीत जुनाच राहिला होता. एरर आला, नोंद झाली, फेरी पुढच्या सभासदाकडे गेली. २,४०० रुपये मध्येच लटकले. ज्या सभासदांच्या खात्यात काही अडचण नव्हती, त्यांचं सगळं नीट झालं. म्हणूनच हा दोष कित्येक फेऱ्या कुणाला दिसला नाही.

मला यात सगळ्यात जास्त खटकतो तो गप्पपणा. कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्राम सुरू होताना चेतावणी येत नाही, लेबल जागच्या जागी दिसत असतं. स्प्रिंगच्या अधिकृत माहितीपत्रात ही मर्यादा स्वच्छ लिहिलेली आहे हे खरं. पण पहिल्या नोकरीतल्या मुलीने ती पानं आधीच वाचलेली असावीत, ही अपेक्षा कुणी ठेवायची? ज्यांनी रिव्ह्यू केला, ते दहा-दहा वर्षांच्या अनुभवाचे होते. दोष तिच्या नावावर टाकणं सोपं होतं, कारण ती सगळ्यात नवी होती. तिची नोकरी तेव्हा प्रोबेशनवर होती हेही सांगून ठेवतो.

मग सिद्ध कसं केलं? इथे जरा सविस्तर लिहितो, कारण खरं काम हेच आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न नेहमी एकच असावा. हाक नाक्यावरून आली का? इंटरसेप्टरच्या आत काय चुकलं हे नंतर. बहुतेक लोक उलटं करतात. डेटाबेसच्या सेटिंग तपासतात, आवृत्त्या बदलतात, लेबलमध्ये आणखी चार पर्याय घालून बघतात. आमच्याकडेही दोन दिवस तेच चाललं होतं. त्यापेक्षा मेथडच्या पहिल्या ओळीवर डीबगर थांबवा आणि कॉल स्टॅक वाचा, म्हणजे कुणी कुणाला हाक मारत आपण इथवर पोचलो ती साखळी. ‘एकहप्ता’च्या लगेच खाली ‘ट्रान्झॅक्शन-इंटरसेप्टर’ आणि प्रॉक्सीची लांबलचक नावं दिसली, तर हाक नाक्यावरून आली. थेट ‘सर्वहप्ते’ दिसली, तर नाही. आम्ही आधी काउंटरवरून एक हप्ता भरून बघितला, मग रात्रीची फेरी दिवसा चालवून बघितली. दोन स्टॅक शेजारी-शेजारी ठेवले. एकात नाका होता, दुसऱ्यात नव्हता. मीटिंगमध्ये त्यानंतर फारसं बोलावं लागलं नाही.

डीबगर लावता येत नसेल, उदाहरणार्थ सर्व्हर ग्राहकाकडे असेल, तर स्प्रिंगच्या ट्रान्झॅक्शन इंटरसेप्टरच्या पॅकेजची लॉग पातळी ‘ट्रेस’वर न्या. कोणत्या मेथडसाठी ट्रान्झॅक्शन घेतलं ते तो लिहितो. ओळच आली नाही तर उत्तर मिळालं. किंवा मेथडच्या आत स्प्रिंगला सरळ विचारा, की आत्ता ट्रान्झॅक्शन चालू आहे का. त्यासाठी तयार मेथड आहे, ती हो किंवा नाही सांगते.

दुसरा प्रश्न, हातात आलेलं ऑब्जेक्ट तोतया आहे का? त्याच्या क्लासचं नाव छापून बघा. नावात डॉलरच्या चिन्हांमध्ये ‘सीजीएलआयबी’ किंवा नुसतं ‘प्रॉक्सी’ दिसलं तर तोतया. जूसमध्ये ‘एनहान्स्ड बाय गुईस’ अशा अर्थाची शेपटी दिसते. नुसतं तुमच्या क्लासचं नाव आलं, तर नाका बसलेलाच नाही, आणि मग का नाही ते शोधायचं. सगळ्यात सामान्य कारण म्हणजे कुणीतरी ‘न्यू’ लिहून ऑब्जेक्ट स्वतःच बनवलेलं असतं. फ्रेमवर्कने जे बनवलं नाही, त्यावर त्याचा नाका नसतो. जूसच्या माहितीपत्रात तर ही अटच आहे, की ऑब्जेक्ट जूसनेच बनवलेलं हवं. त्यामुळे तिथे प्रोव्हायडर मेथडमधून स्वतः बनवून दिलेल्या ऑब्जेक्टवर इंटरसेप्टर चालत नाही. पुष्कळ लोक इथे अडकतात, कारण प्रोव्हायडर मेथड फ्रेमवर्कच्या आतलीच वाटते.

स्प्रिंगमध्ये आणखी एक छुपं कारण आहे. काही ऑब्जेक्ट सुरुवातीला इतक्या लवकर तयार होतात, की नाका बसवणारी यंत्रणाच तोवर उभी नसते. तेव्हा लॉगमध्ये ‘हा बीन सगळ्या बीन-पोस्ट-प्रोसेसरांकडून प्रक्रिया होण्यास पात्र नाही’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ येते. प्रोग्राम सुरू होताना शेकडो ओळी सरकतात, त्यात ती कोण वाचतो? तुम्ही वाचा.

तिसरा मुद्दा मेथडच्या जातीचा. तोतया जर उपक्लास असेल, तर त्याला ‘फायनल’ मेथड बदलता येत नाही, ‘प्रायव्हेट’ दिसत नाही, ‘स्टॅटिक’चा ऑब्जेक्टशी संबंधच नाही. यापैकी ‘फायनल’चा घोळ फार गमतीदार असतो. हाक तोतयावरच चालते, मागच्या खऱ्यापर्यंत पोचत नाही. आणि तोतयाचे खिसे रिकामे असतात, त्याच्यात कुणी काही इंजेक्ट केलेलं नसतं. मग ‘नल पॉइंटर’ येतो आणि माणूस डोकं धरून बसतो, की ही सेवा तर इंजेक्ट झाली होती, रिकामी कशी? कोटलिनमध्ये काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. तिथे क्लास आणि मेथड मुळातच फायनल असतात. स्प्रिंगसाठी त्या उघडून देणारं वेगळं प्लगइन लावावं लागतं. डॉटनेटवाल्यांनाही हे ओळखीचं वाटेल. कॅसलची डायनॅमिक प्रॉक्सी क्लासवर चालवायची, तर मेथड ‘व्हर्च्युअल’ हवी.

नाका आहे, हाकही त्यावरून आली, तरी पैसे परत फिरले नाहीत असंही होतं. मग चौथा प्रश्न, कोणता एरर आला? स्प्रिंग ठरलेल्या सेटिंगमध्ये ‘रनटाइम’ जातीच्या एररवर, म्हणजे अनचेक्ड एररवर, व्यवहार उलटवतं. चेक्ड एरर आला तर पक्का करून टाकतं. हा नियम कितीही वेळा वाचला तरी मला तो उलटाच वाटतो, पण आहे.

आमच्या प्रकरणात दुरुस्ती सुचवण्याची चढाओढ लागली. एका वरिष्ठांनी सुचवलं, लेबल ‘सर्वहप्ते’वर लावा, ती तर बाहेरून बोलावली जाते. बोलावली जाते हे खरं. पण फेरीच्या आत एरर अडवून गिळला जात होता. तो बाहेर आलाच नसता, म्हणजे नाक्याच्या दृष्टीने सगळं आलबेल, आणि लटकलेले २,४०० शेवटी सगळ्यांबरोबर पक्के झाले असते. एरर गिळला नाही, तर एका सभासदापायी त्या रात्रीचे सगळ्यांचे हप्ते उलटले असते. दुसरा उपाय म्हणजे क्लासने स्वतःचाच तोतया स्वतःत इंजेक्ट करून घेणं. चालतो. मला आवडत नाही. पुढे येणाऱ्या माणसाला ती ओळ निरर्थक वाटते आणि एक दिवस तो ती साफसफाईत काढून टाकतो. तिसरा, लेबलाचा नाद सोडून ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट वापरायचं आणि कोडमध्येच लिहायचं, इथे सुरू, इथे संपलं. छोट्या कामाला हा सरळ मार्ग आहे. चौथा, अ‍ॅस्पेक्टजे घेऊन नाका थेट मेथडच्या आतच विणायचा. मग घरातल्या घरातली हाकही अडते, पण त्यासाठी बिल्डची सगळी व्यवस्था बदलावी लागते.

शेवटी केलं ते सगळ्यात साधं. ‘सर्वहप्ते’ उचलून वेगळ्या क्लासमध्ये ठेवली, आणि त्या क्लासला ‘हप्तासेवा’ इंजेक्ट करून दिली. आता प्रत्येक हाक तोतयावरून जाते. प्रत्येक सभासदाचं ट्रान्झॅक्शन वेगळं. एकाचं अडलं तर फक्त त्याचं उलटतं आणि फेरी पुढे जाते. हा बदल त्या मुलीनेच केला. जुन्या नोंदींतून असे लटकलेले बाकीचे हप्ते शोधून काढण्याची क्वेरीही तिनेच लिहिली. संस्थेने त्या सगळ्यांच्या कर्जखात्यात रकमा जमा केल्या आणि त्यांच्यावरचा दंड काढला.

टेस्टबद्दल सांगायचं राहिलंच. टेस्ट होत्या आणि सगळ्या हिरव्या होत्या. ‘एकहप्ता’ची टेस्ट तिला बाहेरून, म्हणजे तोतयावरून बोलावत होती, त्यामुळे एरर आल्यावर व्यवहार छान उलटायचा. ‘सर्वहप्ते’ची टेस्ट फक्त सगळं सुरळीत झालं तर काय होतं ते बघायची. त्यात आणखी एक फसवणूक असते. स्प्रिंगमध्ये बरेच जण टेस्टच्या क्लासवरही ट्रान्झॅक्शनल लेबल लावतात, म्हणजे टेस्ट संपल्यावर डेटाबेस आपोआप साफ होतो. सोय चांगली आहे, पण मग टेस्टपुरतं ट्रान्झॅक्शन आधीपासूनच चालू असतं. ‘चालू आहे का’ विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार, नाका असो वा नसो. म्हणून इंटरसेप्टरवर अवलंबून असलेल्या गोष्टीची टेस्ट त्या लेबलाशिवाय लिहावी. मुद्दाम मध्येच एरर आणावा, आणि मग नव्याने डेटाबेस उघडून दोन्ही खात्यांची शिल्लक वाचावी. डेटा साफ करण्याच्या चार ओळी हाताने लिहाव्या लागतात, तेवढं चालवून घ्या.

कॅशचं लेबल, ‘असिंक’चं लेबल, परवानगी तपासणारं लेबल, या सगळ्यांना हाच रस्ता आणि हाच नाका लागू आहे. परवानगीचं लेबल घरातल्या हाकेत निसटतं, तेव्हा पासबुकातही काही दिसत नाही. त्या प्रकारावर पुढच्या महिन्यात लिहीन. तोपर्यंत तुमच्या कोडमध्ये एकाच क्लासमधून स्वतःच्याच लेबलवाल्या मेथडला मारलेल्या हाका शोधून ठेवा. आयडीईमध्ये ‘फाइंड युसेजेस’ केलं की दहा मिनिटांचं काम आहे.